तेरा साती

८ जानेवारी १९७९, सोमवार

पाढा मधूनच विचारला तर अडतो. पहिल्यापासून म्हणत आले की जिभेवर आपोआप येतो. हे कोणाच्या लक्षात आले नसेल? तेरा साती किती, असे कोणालाही विचारावे. माणूस क्षणभर थांबतो आणि मनातल्या मनात तेरा एके तेरापासून चालू लागतो.

कारण उघड आहे. पाढा ही साखळी असते; प्रत्येक कडी पुढचीला ओढते. आणि जी गोष्ट एकदा कडीत अडकली — सूर, डोलणे, दम घेण्याची जागा — तीही सोबत ओढली जाते. अर्थ कळो वा न कळो. किती सुंदर रचना आहे ही!

समुद्रपूरजवळच्या या शाळेत आज माझा सरावाचा पहिला दिवस. अध्यापक विद्यालयाने महिनाभरासाठी पाठवले आहे. शेवटी वर्ध्याहून प्राध्यापक पाठ पाहायला येतील, तेव्हाच ‘माझे शिक्षणविषयक विचार’ हा निबंध वाचायचा आहे. पहिले वाक्य तयार आहे: मूल निर्भय जन्मते, भीती त्याला शिकवावी लागते. म्हणून ती न शिकवणे हे शिक्षकाचे पहिले काम.

हे नुसते वाचून दाखवायचे नाही. या वर्गात सिद्ध करायचे आहे. नाहीतर मी शिक्षिका कशाला व्हावे?

१० जानेवारी

चौथीने तेराचा पाढा म्हटला. ‘तेरा साती’ला सगळ्यांचे डावे हात पाठीमागे गेले. छडी येताना दिसली की मूल जसा हात लपवते, अगदी तसे. ‘एक्क्याण्णव’ म्हणून होताच हात परत मांडीवर. चेहरे शांत.

चौदाचा म्हणवून घेतला. पंधराचाही. हात हलले नाहीत.

११ जानेवारी

मुख्याध्यापक रूपराव गुरुजींना विचारले. ते म्हणाले, “बाई, हात कुठं जाते ते पाहून काय करता? आकडा बरोबर येते ना? साहेबलोक आकडा विचारते, हात नाई विचारत.”

पूर्वी इथे कोणी मारत होते का?

“मी आलो तवापासून तर नाई. अवो, या शाळेत चहा ढवळाले काडी भेटत नाई, छडी कुठून आणता!”

पाढे त्यांना शिकवावेच लागत नाहीत म्हणे. पोरे घरूनच घेऊन येतात. त्यांचे आईबाप, आजीआजोबा, सगळे किसनराव मास्तरांच्या हाताखालचे. मास्तर जाऊन बरीच वर्षे झाली. या मुलांपैकी एकानेही त्यांना पाहिलेले नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. मी राहते त्या घरच्या मनकर्णाबाई अंगणात तिळाचे लाडू वळत होत्या. किसनराव मास्तर फार मारत का, असे विचारले.

“मास्तर? नाई वो माय. बोट नाई लावलं कोनाले. देवमानूस.”

“मग तेरा सातीला हात मागे का नेता?”

“कोन नेते?”

म्हणून दाखवा म्हटले. त्या हसत म्हणू लागल्या. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साती — आणि डावा हात पाठीमागे गेला. मग परातीत परत.

“आजी, आत्ता नेलात.”

“काऊन थट्टा करून राह्यली पोरी? हा काय हात, परातीत.”

जरा वेळाने आपणहून म्हणाल्या, “मास्तर लई गोड म्हणे पाढे. आमी त्याइच्याकडं पाहतच राहो.”

१८ जानेवारी

चौथीतली भागीरथा सगळ्यांत धीट. तिचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि पाढा म्हणायला सांगितला. ‘तेरा साती’ला तो हात माझ्या पकडीत थंड पडला आणि निसटला. एवढ्याशा मनगटात तेवढे बळ नसते. भागीरथा माझ्याकडे बघून हसतच होती. “एक्क्याण्णव, बाई. बरोबर?”

बरोबर.

२० जानेवारी

झोप नीट नाही. साखळीचा नियम माझाच आहे, आणि तोच माझे पहिले वाक्य मोडतो. मारणारा कोणीच नाही, तरी मार चुकवणारे हात आहेत.

५ फेब्रुवारी, सोमवार

पाठ झाला. पाढा म्हणवून घेतलाच नाही; चिंचोक्यांचे ढीग मांडून तेरा साती समजावले. एकही हात मागे गेला नाही. प्राध्यापक खूष. निबंधातले पहिले वाक्य तसेच ठेवले. टाळ्या पडल्या.

मी भीती घालवली नाही. वाट बदलून तिला चुकवले, एवढेच.

९ जुलै, जाम

इथे नेमणूक. हमरस्त्यावरचे गाव, टपऱ्या, ट्रक, दहा ठिकाणांहून आलेली कुटुंबे. माझ्याकडे तिसरीचा वर्ग. तेराचा पाढा एकालाही येत नाही, घरीही कोणाला येत नाही. याहून चांगली संधी कोणती? आधी चिंचोके, मग अर्थ, मग सूर. मी फळ्यापाशी उभी राहून म्हणते, मुले माझ्याकडे पाहून म्हणतात. गोड म्हणतात.

१६ जुलै

आज तिसरीने तेराचा पाढा प्रथमच एका सुरात म्हटला.

‘तेरा साती’ला सगळे डावे हात पाठीमागे.

घरोघर चौकशी केली. सरावाच्या शाळेच्या त्या गावाशी कोणाचाही संबंध नाही. पुढच्या रांगेतल्या तानाबाईला जवळ बसवून विचारले, हात का लपवलास? तिने दोन्ही तळवे पुढे केले. “नाई लपवला, बाई.”

१७ जुलै

चाचणी सोपी आहे. डाव्या तळव्याला खडूची भुकटी चोळावी. तेराचा पाढा पहिल्यापासून, मोठ्याने, मुलांसमोर म्हणतो तसा म्हणावा. मग अंगावरचे वस्त्र उतरवून पाठीची बाजू उजेडात धरावी.

पाचही बोटे उमटली आहेत.