उलटवलेली पिशवी

४ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

नोकरी लागली, पण कुठे ते ऐकून नाक मुरडू नकोस. चौकाचौकात शाखा असलेल्या त्या स्वस्त भांडाराच्या जाहीरात विभागात. नव्या पिशवीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ते जमलं तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा बाबांच्या मानगुटीवर.

अडचण मालात नाही, नावात आहे. एकाच कारखान्यातली बिस्किटं मी लोकांपुढे दोन बशांत ठेवली, तर आमच्या नावाच्या बशीतली सगळ्यांना मऊ लागली. दुकानात गर्दी मरणाची असते, पण आपण इथे येतो असं कोणी कबूल करत नाही. तू खरं सांग, कधी जातेस का?

पत्राची वाट पाहणारी,
तुझी भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

नोकरीचा आनंद झाला. ‘जाहिराती’तली ‘हि’ ऱ्हस्व असते, निदान त्या विभागात तरी असावी.

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईने तसल्या दुकानात पाऊल टाकायचं म्हणजे काय? मी जात नाही. तिथली चादर कितीही धुतली तरी विटत नाही, हे मान्य. साबणही बरा. पण ती भडक पिवळी पिशवी हातात दिसली की माणसाची किंमत उतरते. म्हणून मी ती उलटवून आणते, नाव आत राहतं. समोरच्या डॉक्टरीणबाई दारातच उभ्या असतात ना. परवा त्यांच्याही पिशवीच्या शिवणी बाहेर दिसत होत्या. दोघींनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि आपापली दारं लावून घेतली.

पिशवीचं काय व्हायचं ते होवो, तू वेळेवर जेवत जा.

कधीही न जाणारी,
तुझी आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने माझं काम केलं. नवी पिशवी साध्या निळ्या कापडाची आहे. बाहेर एक अक्षर नाही, नाव आतल्या बाजूला. शिवणी दोन्हीकडून सारख्या. साहेब म्हणाले, नाव छापायचं आणि तेच लपवायचं, हे कोणत्या शाळेत शिकवतात? मी म्हटलं, माझ्या आत्याच्या. ज्याला लपवायचंय त्याला लपवू दे, मिरवावंसं वाटलं की तो स्वतःच उलटवेल.

शेवटी एका शाखेपुरते कबूल झाले. ती तुझ्या कोपऱ्यावरचीच निवडली. आता माझी नोकरी तुमच्या गल्लीच्या हातात आहे आणि मला मुळीच भीती वाटत नाही. तू जात नाहीसच, तेव्हा खिडकीतून बघून कळव.

‘जाहिरात’ ऱ्हस्व लिहायला शिकलेली,
भिंगरी

२० जून

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

तू कायम झालीस असं दादाने फोनवर सांगितलं. ऊर भरून आला.

खिडकीतून दिसलं ते असं. आधी सगळी गल्ली निळ्या पिशव्या घेऊन मुकाट्याने जायची. मग कॉलेजच्या मुलींनी नाव बाहेर काढलं आणि साथ पसरली. डॉक्टरीणबाईंनी चहाबरोबर बिस्किटं पुढे केली. म्हणाल्या, कामवालीने आणलीत, पण भांडाराचा माल हल्ली फार सुधारलाय. बिस्किटं तीच होती, मी कधीपासून खाते. हसू आलं, पण काळजीही वाटली. पिशवी बघून लोकांची जीभ बदलते, तेव्हा उद्या बिस्किटं खरंच मऊ पडली तर साहेबांना आधी तूच सांग.

काल मी गेले होते. नेहमीच जाते, आता लिहायला हरकत नाही. पैसे देता देताच पिशवी उलटवली, नाव बाहेर काढलं आणि मुद्दाम मोठ्या रस्त्याने लांबून आले. दारात डॉक्टरीणबाई होत्या. नाव वाचून त्यांनी विचारलं, तुम्हीसुद्धा? मी सांगितलं, ही पिशवी माझ्या भाचीने केलीय. त्यांच्या हातातली अजून साध्या बाजूने होती. मी ती घेतली, त्यांचा साबण नि बिस्किटं कठड्यावर काढून ठेवली आणि पिशवी तिथेच उलटवून दिली.

लोभ दोन्ही बाजूंनी सारखा असू दे.

तुझी आत्या