टीसीची मिशी

प्रिय आई,

संध्याकाळी डबा धुवायला घेशील तेव्हा वरच्या कप्प्यात हा कागद सापडेल. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे आणि भाजीही संपवली आहे. तोंडाने सांगायचं म्हणून आठ दिवस तुझ्यामागे स्वयंपाकघरात घुटमळलो. तू दोनदा लसूण सोलायला बसवलंस, मी सोलून निघून गेलो. म्हणून आता लिहितो आहे. चष्मा लाव आणि बसून वाच.

पहिली गोष्ट म्हणजे मी धाटावला जात नाही. चार महिने झाले कंपनी सोडून. रोज सकाळी तुझा डबा घेऊन वरसेहून निघतो तो कंपनीच्या बसकडे नाही, रोहा स्टेशनला, आणि तिथून गाडीने पेणला. साहिल आठवतो ना, कॉलेजात माझ्याबरोबर एकांकिका करायचा, आपल्याकडे येऊन तुझ्या घावण्यांचा फडशा पाडायचा? त्याच्या मामांचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. मागच्या शेडमध्ये साहिलने आगगाडीची एक बोगी उभी केली आहे, लाकडी, खोटी. मूर्ती रंगवणाऱ्या माणसांनीच ती रंगवली, त्यामुळे बाकं पितांबराच्या पिवळ्या रंगाची झालीत. लोक पैसे देऊन आत येतात, बाहेरून दार लावून घेतात, आणि तासाभरात कोडी सोडवत चार आकडी कुलूप उघडून बाहेर पडायचं, असा तो खेळ. गाडी म्हणे निडी स्टेशनला अडकली आहे आणि ड्रायव्हर कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. आत आम्ही दोघं सोंगं. किमया नावाची मुलगी आहे, ती लग्नातून पळालेली नवरी होते, टोपलीत प्लास्टरचा कोंबडा घेऊन. मी टीसी. मला दोन बोटं जाड मिशी आहे. मी सगळ्यांना तिकीट विचारतो, कोंबड्याला दंड लावतो आणि घाबरलो की बाकाखाली शिरतो. लोक पोट धरधरून हसतात. मला ते जमतं, आई. कंपनीत सहा वर्षांत मला एवढं काहीच जमलं नव्हतं.

लाज वाटते ती तुझ्या डब्याची. प्लांटवर माणूस उष्म्याने सुकतो म्हणून तू रोज ताकाची बाटली देतेस, आणि ती मी पंख्याखाली त्या पिवळ्या बाकावर पाय पसरून पितो. घरी आलो की तू विचारतेस, आज फार दमलास का रे, आणि मी हो म्हणतो. ते खोटं नसतं, पण तू समजतेस ते खरंही नसतं.

बाबांना हे तीन आठवड्यांपासून ठाऊक आहे. आता तू त्यांच्यावर ओरडायला उठशील, पण त्यांना बोल लावू नकोस. त्यांच्या जोडीचे दिनेशकाका निवृत्त झाले ना, तेव्हा त्यांच्या मुलीने जुन्या पाच दोस्तांसाठी हा खेळ ठरवला होता. कुठे नेते ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी मिशी लावून, शिट्टी तोंडात धरून दार उघडलं तर समोर बाबा. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, तू काढून ठेवलेला. मी आवाज बदलला, तिरळं बघायला लागलो आणि त्यांच्यापासून दोन बाकं लांब राहिलो. अर्धा तास धकलं. बाबा कोपऱ्यात बसून होते, बाकीचे चौघं लहान पोरांसारखे टोपल्या उचकत होते. आणि मग दिनेशकाकांना वरच्या फळीवर डबा सापडला.

माझा डबा. म्हणजे तुझा. तिथे ठेवायचा नसतो, पण त्या दिवशी घाईत राहिला. रुखवतातलं भांडं, झाकणावर नाव कोरलेलं. काका मोठ्याने वाचत होते, ‘चि. विमल हिस मामाकडून, ९-५-९५.’ चार आकडे बरोब्बर भरले, आई. कुलूपही चार आकडी. सगळे आनंदाने ओरडले आणि तुझ्या लग्नाची तारीख कुलपावर फिरवू लागले. ते उघडणार नव्हतं, हे तिथे मला आणि किमयालाच ठाऊक होतं. नवरा-बायकोच्या तारखेला कुलूप दाद देत नाही म्हणून बाबांची थट्टाही झाली असती, पण काकांना ती विमल कोण ते सुचलंच नाही, ते तुला वैनी म्हणतात. बाबा उठले. त्यांनी डबा हातात घेतला, झाकणावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मिशीकडे नाही, डोळ्यांकडे. मग काकांना म्हणाले, “ह्यो डबा खेळातला नाय. कोनाच्या तरी जेवनाचा हाय. ठेव जाग्यावर.”

उरलेला अर्धा तास मी विनोद केले. कसे केले ते मला विचारू नकोस. एकदा बाकाखाली शिरलो तो बाहेरच येववेना, किमयाने कोंबड्याने ढोसून मला बाहेर काढलं, आणि सगळे त्यालाही हसले. बाबासुद्धा हसले, थोडंसं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

त्या संध्याकाळी तू वाढताना विचारलंस, कंपनीत काय विशेष, आणि बाबा म्हणाले, खाऊ दे त्याला. आठवतं? दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्कूटरवर घेतलं. तुला वाटलं बसच्या थांब्यावर सोडणार, पण त्यांनी न विचारता स्टेशनला नेलं. गाडी येईपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले. सहा वर्षांपूर्वी साहेबांच्या दारात तीन दिवस बसून मला त्यांनीच कंपनीत चिकटवलं होतं. एवढंच म्हणाले, “आईला तू सांग. मी नाय सांगनार. आन लवकर सांग.” मी लवकर सांगितलं नाही.

का सोडली कंपनी, ते तुला अर्धं ठाऊक आहे. श्रावणात प्लांटवर भडका उडाला आणि माझ्या जोडीचा भरत गेला. त्यानंतर सात महिने मी त्याच जागी उभा राहत होतो. नवीन पाइप, नवीन रंग, आणि भिंतीवर भरतने खडूने लिहिलेली पाळ्यांची यादी तेवढी पुसायची राहून गेलेली. तीत माझं नाव त्याच्या वर होतं. एक दिवस गेटवर कार्ड दाखवलं आणि पाय आत पडेना. परत फिरलो तो फिरलोच.

आता उरलेलं अर्धं. त्या दिवशी अंगात कणकण आहे म्हणून मी सुट्टी टाकून डॉक्टरकडे गेलो, असं तू सगळ्यांना सांगतेस. देवाने ताप दिला म्हणून पोरगा वाचला, असं म्हणून तू अजून सोमवार धरतेस, आणि मी दर सोमवारी तुझ्यासमोर बसून जेवतो. मला ताप नव्हता. साहिलने मिशी लावून बघायला पेणला बोलावलं होतं. बोगी अजून उभी नव्हती, नुसती मिशीच आली होती मुंबईहून. सुट्टी मिळेना, म्हणून मी भरतला माझी पाळी घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, “जा तू, मी ऱ्हातो उभा. मोठा नट झालास म्हंजी राणीला पयल्या बाकावर बसव.” त्याची स्वतःची त्या दिवशी सुट्टी होती. भडका उडाला तेव्हा मी आरशासमोर उभा राहून साहिलला विचारत होतो, मिशी वाकडी दिसते का.

हे आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही. भरतची राणीवहिनी मागच्या दाराने येऊन तुझ्यासोबत वाल सोलत बसते, मला बघून डोक्यावरचा पदर सारखा करते आणि विचारते, भावजी, जेवलात का. मी हो म्हणून आत जातो. तिला वाटतं, सुट्टीच्या दिवशी भरतला कंपनीनेच बोलावलं होतं, आणि दोस्त गेला म्हणून मी गप्प असतो. तिला मी फार चांगला माणूस वाटतो, आई.

हे सगळं आजच का लिहिलं, ते आता सांगतो. काल साहिलच्या वहीत रविवारी चारची नोंद बघितली. वरसे महिला बचत गट, सहाजणी, नोंदवणारी धोंडुबाई. पाचवं नाव तुझं, सहावं राणीचं. परवा तूच मला म्हणालीस, “वरीस होत आलं, पोर एकदा पन हासली नाय, पेनला कायतरी गाडीचा गंमतीचा खेळ हाय म्हनतात, नेते तिला.” तू नेशील तर ती हसेल. कुठे थांबलं की लोक हसतात ते मला पाठ आहे, मी तिला नक्की हसवीन, आणि मिशीत ती मला ओळखणारही नाही. पण जिच्यापायी भरत तिथे उभा राहिला तीच ती मिशी आहे, आणि हे ठाऊक नसताना तिला हसवणं माझ्याच्याने होणार नाही. शनिवारी संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन सगळं सांगणार आहे. त्यानंतर तिला रविवारी यावंसं वाटलं तर पहिलं बाक तिचं आहे. नाही वाटलं, तर वहीतलं तिचं नाव मी माझ्या हाताने खोडेन. तू शनिवारी माझ्याबरोबर येशील का? बोलायला नको, नुसती दारात उभी राहा. आज काही बोलू नकोस, मला तुझ्यासमोर उभं राहवणार नाही. उद्या सकाळी ओट्यावर डबा भरलेला दिसला तर तू येतेस असं समजेन. रिकामा दिसला तरी मी जाणार आहे, एकटा.

तुझाच,
ऋत्विक