थॉर्नकोटचा पाव

फाटकाजवळचं घर, थॉर्नकोट
१८ मार्च १९२६

चि. सौ. लेटिसला विनिफ्रेडचे आशीर्वाद, वि. वि.

दिवाणखान्याचे पडदे बदललेस, असं माळ्याकडून कळलं. पडदे तुझे, वाडी-शेतं तुझ्या नवऱ्याची. मी कोण बोलणार? गॉडफ्री माझ्या पाठचा, तरी मुलगा म्हणून घर त्याला मिळालं. वीस वर्षं चालवलं मी, आणि तू आलीस तशी मी या दोन खोल्यांत आले. जळफळाट होतो, लपवत नाही.

काम एवढंच, की पंचवीस तारखेला पाववाटप आहे. घराची पूर्वेची बाजू जळाली, तेव्हा गावातल्या बायांनी तळ्यापासून रांग लावून पाणी पोचवलं, म्हणून उरलेलं वाचलं. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक विधवेला आणि बिनलग्नाच्या बाईला मालकिणीने आपल्या हाताने भाजलेला पाव नाव घेऊन द्यायचा. नाव चुकलं तर बाई पाव घेत नाही. तुला लंडनच्या मुलीला पीठ मळता येतं का, देव जाणे. मी बघायला येणार नाही.

माया आहे, जरा आंबलेली.
विनिफ्रेड

थॉर्नकोट हॉल
२६ मार्च

ती. वन्संना लेटिसचा सा. न. वि. वि.

पाव खालून करपले. नावं आठवडाभर घोकली, तरी म्हाताऱ्या पेग टिमिन्सला मी मॉड म्हटलं. ती पाव न घेताच परतली. म्हणाली, आमच्या विनीबाई झोपेतही चुकल्या नसत्या. प्रत्येकीची नजर माझ्या खांद्यावरून मागे, तुम्ही दिसता का म्हणून. घर मला मिळालं, माणसं तुमचीच राहिली. तुमच्यावर मी किती जळते, तुम्हाला ठाऊक नाही.

एक पाव उरला. वाटलं, तुम्हीही आता गावातल्याच, लग्न न झालेल्या. म्हणून माळ्याबरोबर पाठवला. हे कपाळाला हात लावून बसलेत. काही चुकलं का?

रागावलात तरी दूर लोटू नये.
लेटिस

फाटकाजवळचं घर
२७ मार्च

चि. सौ. लेटिसला आशीर्वाद, वि. वि.

चुकलंच. पाव बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या घराची लेक मी, आणि मला दानाच्या रांगेत बसवलंस? कोंबड्यांना टाकणार होते, तेवढ्यात तुझी तक्रार घेऊन पेग आली. मी माझी सांगितली. तर ती उलट मलाच म्हणाली, इतकी वर्षं तुमच्या हातचा घेतला, मला कधी कमीपणा वाटला नाही. तुम्हाला कसला वाटतो? मी सुरी आणली. करपलेलं खरवडून, लोणी लावून आम्ही दोघींनी तो खाल्ला. मीठ जास्त झालंय.

पुढच्या वर्षी आदल्या दिवशी येऊन मळायला शिकवीन. वाटपाला मात्र तुझ्यामागे उभी राहणार नाही. सगळ्या माझ्याकडेच बघतील, आणि मला ते फार आवडेल. मी रांगेत पेगच्या मागे असेन. माझं नाव नीट घे. चुकलीस तर पाव घेणार नाही.

तुझी वन्सं,
विनिफ्रेड