ठिपके कोणी पाहिले

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा पूर्वी सिनेमा ऑपरेटर व सध्या काही नाही, राहणार याच घरात, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. त्यात डोळ्यांचे लिहू नका असे मी त्यांना म्हणालो होतो. ते म्हणाले, "काका, ते लिहावंच लागेल. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, म्हाताऱ्याने न वाचताच सही केली." म्हणून तेही आले आहे. उजव्या डोळ्याने काही दिसत नाही, डाव्याने उजेड आणि माणसांचे आकार कळतात. सबब हा मजकूर मी तोंडी सांगत असून शेजारचे निवृत्त लेखनिक तो लिहून घेत आहेत. त्यांनी तीस वर्षे कोर्टात लोकांची भांडणे लिहून घेतली, तेव्हा माझी त्यांना जड जाऊ नयेत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला इकडे कोणी फिरकतच नाही.

मी थकलो आहे, हेही लिहा असे मी सांगितले. लेखनिक म्हणाले, त्याची कायद्याला गरज नाही. मला आहे.

कलम १. माझे वारस तीन : पत्नी, मुलगा आणि मुलगी. मुलगा थोरला, मुलगी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. दोघांची लग्ने झाली, दोघांची घरे आहेत, दोघांना सतत कामे आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करावे असे वाटलेही नव्हते.

कलम २. राहते घर, म्हणजे पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि मागचा ओटा, हे माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या मागे माझ्या पत्नीस पूर्ण मालकी हक्काने मिळावे. केवळ हयातीपर्यंत राहण्यापुरते नव्हे. ती ते विकेल, भाड्याने देईल किंवा कुलूप लावून निघून जाईल, तिला कोणी जाब विचारू नये. बँकेतली ठेवही तिचीच.

याचे कारण नोंदवतो. गेल्या महिन्यात दोन्ही मुले येऊन गेली. ही बाजारात गेली होती आणि मी आतल्या खोलीत पडलो होतो. ज्याचे डोळे गेले त्याचे कानही गेले, असे लोक धरून चालतात. मुलगा म्हणाला, "बाबांच्या मागे हे घर ठेवून करायचंय काय? काढून टाकू. आई सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तुझ्याकडे."

मुलगी म्हणाली, "माझ्याकडे सुट्टीत नको हं दादा. तेव्हा आमच्याकडे सासरची माणसं असतात."

"अगं, आईचं काय एवढं? तिला कुठेही ठेवलं तरी चालतं. ती कधी काही म्हटलीये का?"

मुले वाईट नाहीत. माझी औषधे मुलगाच पाठवतो आणि मुलगी दर आठवड्याला फोन करते. पण आपली आई कोण होती हे त्यांना माहीत नाही, आणि ते मी त्यांच्यापासून लपवले आहे. ते कलम चारमध्ये येईल. आधी थोडा दम खातो.

कलम ३. माझ्या नोकरीबद्दल. मी एकतीस वर्षे उघड्या मैदानावरच्या सिनेमात ऑपरेटर होतो. आता तिथे गोदामे आहेत. नातवंडांना खरे वाटत नाही, म्हणून लिहून ठेवतो. शहराबाहेर मोठे मैदान होते आणि त्याच्या टोकाला चार मजली उंचीचा पांढरा पडदा. गाड्यांचे नाक वर राहावे म्हणून मातीचे उंचवटे केलेले. प्रत्येक गाडीपाशी एक खांब आणि खांबावर एक छोटा स्पीकर. तो काढून खिडकीच्या काचेवर अडकवायचा. सिनेमा संपला की दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी तो तसाच घेऊन गाडी चालू करायचे आणि तार तुटायची. मग दुसऱ्या दिवशी दुपारी मी तार डाख देऊन जोडत बसायचो.

मैदानाच्या मध्यावर माझी खोली होती. छत बुटके, दोन मशिने, समोर दोन झरोके. आत उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळत, त्यामुळे थंडीतसुद्धा बनियनवर काम. सूर्य बुडेपर्यंत काही करता येत नसे. लोक हॉर्न वाजवून सूर्याला घाई करत. घरातल्याच कपड्यांत आलेली पोरे टपावर गोधडी टाकून झोपत, नवराबायको गाडीतल्या गाडीत भांडून परत एक होत, आणि पाऊस आला तर शंभर गाड्यांचे वायपर एकदम हलू लागत. तसा पाऊस मी पुन्हा पाहिला नाही. फार सुंदर दिवस होते, असे लोक मला येऊन सांगतात. ते गाडीत बसलेले असत. मी उभा असे.

तरीही मला ते दिवस हवे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

कलम ४. हे कलम मुलांनी नीट वाचावे.

सिनेमा एका रिळात मावत नाही. वीस वीस मिनिटांची रिळे असतात आणि ती दोन मशिनांवर आलटून पालटून लावावी लागतात. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो. तेव्हा खटका ओढायचा, की एक मशीन बंद आणि दुसरे चालू. प्रेक्षकाला कळतही नाही. ठिपका चुकला तर पडदा पांढरा पडतो आणि मग सगळ्या मैदानाला ऑपरेटरची आठवण होते. उघड्या मैदानात पडदा फार लांब असतो, म्हणून आम्ही दुर्बीण ठेवत असू. त्या दोन ठिपक्यांसाठी डोळ्यांत तेल घालून बसणे, हीच आमची नोकरी.

माझे वय सत्तेचाळीस असताना एका संध्याकाळी पडदा पांढरा झाला. नायिका जिना उतरत होती, ती उतरली की नाही हे कोणालाच कळले नाही. शे-दीडशे गाड्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले. मॅनेजर धावत आला. मी सांगितले की फिल्म जुनी आहे, ठिपके घासून गेलेत. ठिपके चांगले ठसठशीत होते. मला ते दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दूरच्या एका डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी सांगितले की हे वाढत जाणार. ऑपरेटरच्या परवान्याला दर वर्षी डोळ्यांची तपासणी लागते. तपासणीचा तक्ता मी पाठ केला आणि हिला डोळ्यांचे सांगितले. पुढचे सगळे हिने केले. रोज संध्याकाळी ती मैदानावर यायची, मुले घरी एकटी राहण्याएवढी होईपर्यंत त्यांना घेऊन. फिल्मच्या पेट्यांमागे चटई टाकून त्यांना निजवायची. मग फिल्म चाकांमधून ओवायची, कारण तेही मला जमेना झाले होते. आणि रीळ संपत आले की झरोक्यापाशी दुर्बीण लावून उभी राहायची. "पहिला," ती म्हणायची. मी मोटर चालू करायचो. "दुसरा." मी खटका ओढायचो. ती घरी राहिली असेल अशी एकही संध्याकाळ मला आठवत नाही. अशी अकरा वर्षे, मैदान बंद होईपर्यंत. त्या अकरा वर्षांत पडदा एकदाही पांढरा झाला नाही.

तिने त्या काळातला एकही सिनेमा धड पाहिलेला नाही. तिने फक्त उजवा वरचा कोपरा पाहिला.

मैदान बंद झाले तेव्हा मालकांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला. कधीही ठिपका न चुकवणारा माणूस म्हणून माझे कौतुक झाले. मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा. त्याला दोन शब्द बोलायला सांगितले, तर तो म्हणाला, "बाबांनी काम केलं, आणि आईने अकरा वर्षं फुकटात सिनेमे बघितले!" मंडपभर हशा झाला. तो चेष्टेत बोलला, त्याला काय ठाऊक? पण मी हसलो. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, कारण बायकोच्या डोळ्यांवर पगार घेतो असे कोणी म्हणू नये याची मला भीती होती. ही पहिल्या रांगेत बसली होती. घरी येताना ती म्हणाली, "पोरगा छान बोलला." एवढेच.

माझ्या हातून आयुष्यात झालेली सगळ्यात हलकी गोष्ट ती आहे. मला त्या हसण्याची लाज वाटते. तेव्हा घर तिला देतो हे मेहेरबानी म्हणून नव्हे. त्यातल्या निम्म्या विटा तिच्याच आहेत.

कलम ५. किरकोळ वस्तू. निरोपाला मिळालेले भिंतीवरचे घड्याळ मुलाने न्यावे. ते दिवसाला पाच मिनिटे मागे पडते, तोही कुठे वेळेवर येतो? मैदानावरचे तीन स्पीकर माळ्यावर आहेत, ते मुलीला. लहानपणी मशीनचा आवाज थांबला की तिला जाग येत असे. अवजारांची पेटी ज्याला पान्यांची नावे ठाऊक असतील त्याने घ्यावी, म्हणजे जावयाने नव्हे. दुर्बीण या यादीत धरू नये. ती मुळात माझी नाही.

कलम ६. काही हिशेब माझ्याबरोबर येतील. मालकांनी दोन्ही मशिने माझ्यादेखत भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकली, त्यांना माफी नाही. मॅनेजर लवकर घरी जाता यावे म्हणून मला शेवटचे रीळ अर्ध्यात कापायला सांगत असे. मी कधी कापले नाही. तो वारला असे कळते. त्याचा शेवट मात्र त्याने पुरता पाहिला असावा, अशी आशा करतो.

कलम ७. माझ्या मागे भाषणे करू नयेत. फोटो मोठा करून लावू नये, मी फोटोत रागीट दिसतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लेखनिक करतील. कोणाही वारसाने याला हरकत घेतली, तर त्याने आधी कलम चार मोठ्याने वाचावे, आईसमोर.

पुरवणी. वरील मजकूर आज दोन्ही साक्षीदारांसमोर मला वाचून दाखवण्यात आला. साक्षीदार म्हणजे डॉक्टर आणि मैदानावर ज्यांचे कॅन्टीन होते ते माझे मित्र. वाचन चालू असताना पत्नी चहा घेऊन आली. ती तशीच दारात उभी राहिली असावी, कारण कपांचा आवाज थांबला. कलम चार संपले आणि ती म्हणाली, "अकरा नाही. चौदा."

लेखनिक म्हणाले, "वहिनी, यांनी अकराच सांगितलंय."

"मग खोडा."

मी म्हणालो, "अगं, मी तुला डोळ्यांचं सांगितलं त्याला मैदान बंद होताना अकराच वर्षं झाली होती."

"तुम्ही सांगितलंत त्याला अकरा. त्याच्या आधी तीन वर्षं मी तुमचा डबा घेऊन यायची आणि शेवटपर्यंत बसायची. दर रिळाला, पाणी हवं का, म्हणून विचारायची. तुम्ही खेकसायचात, मी माणूस आहे की टाकी?"

कॅन्टीनवाले हसले. मला हसू आले नाही. त्या तीन वर्षांत मी त्यांच्या कॅन्टीनमध्ये फुशारक्या मारत असे, की मला आता ठिपका शोधावा लागत नाही, हाताला आपोआप कळते. हाताला कळत नव्हते. कोणीतरी पाण्याचे विचारत होते, आणि हात उठत होता.

"तुला कधी कळलं?" मी विचारले.

"तुम्ही माझ्या साडीचा रंग चुकीचा सांगितलात तेव्हा. पडदा पांढरा झाला ना, त्या संध्याकाळी पोरीला ताप होता. मी घरी राहिले. तेवढी एकच संध्याकाळ."

मला रडू आले, हे साक्षीदारांनी पाहिले आहे. मग मी लेखनिकांना दुरुस्ती करायला सांगितली आणि हिला म्हणालो, "आता सगळं कागदावर आलंय. माझ्या मागे पोरं वाचतील."

ती म्हणाली, "घराचं लिहिलंत, बरं केलंत. पण माझ्याबद्दलचं तुमच्या मागे कशाला? तुम्ही नसताना पोरं म्हणतील, म्हाताऱ्याला भ्रम झाला होता. आणि मी तेव्हाही काही बोलणार नाही, ते तुम्हाला माहितीये. तुम्ही सांगा त्यांना. तोंडाने."

मी म्हणालो, "मी दमलोय गं."

ती म्हणाली, "मीपण दमलेय."

इतक्या वर्षांत हे तिने पहिल्यांदा सांगितले. सबब पुढीलप्रमाणे बदल करतो. कलम चार माझ्या मृत्यूनंतर अमलात आणायचे नाही. लेखनिकांनी लगेच दोन्ही मुलांना फोन लावून दिला. येत्या रविवारी दोघे येत आहेत. मी त्यांना पुढच्या खोलीत समोर बसवणार आहे आणि आई शेजारी असताना स्वतः सांगणार आहे. तोवर मला काही होऊ नये.

चौथ्या कलमात पत्नीच्या कामाची वर्षे अकरा लिहिली होती, ती दोन ठिकाणी खोडून चौदा केली आहेत. दुसऱ्या ठिकाणी ‘एकदाही पांढरा झाला नाही’ याऐवजी ‘ती घरी राहिली तेवढ्या एकाच संध्याकाळी पांढरा झाला’ असे केले आहे. दोन्ही ठिकाणी मी सही केली आहे. सही वाकडी आली, कारण ती माझा हात धरायला गेल्यावर लेखनिक म्हणाले, "वहिनी, तुम्ही हात लावू नका, तुम्हाला मिळतंय त्यात." ती मागे सरली.

लिहून ठेवणार : ऑपरेटर (सही)
यांच्या पत्नी : ऑपरेटर (कायद्याने सही लागत नाही, माझ्या सांगण्यावरून नोंद केली)
लिहून घेणार : लेखनिक (सही)
साक्षीदार : १. डॉक्टर (सही) २. कॅन्टीनवाले (सही)

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : चालू महिन्याची एकवीस तारीख, गुरुवार, दुपारी चार