एकवीस हिवाळ्यांच्या बरण्या

मी, मझल एझरा आपटेकर, वय अंदाजे शहात्तर, धर्म यहुदी, राहणार इस्राएल तळ्याजवळ, पनवेल, जिल्हा रायगड, आज कोणाच्याही दडपणाखाली नसताना, आपखुशीने हे मृत्युपत्र सांगते आहे. सांगते आहे, कारण मला अक्षर येत नाही. लिहितो आहे तो शेजारचा कमलाकर, बँकेतला. माझं डोकं ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टर सही करणार आहेत. डोळ्यांबद्दल त्यांची सही कोणी मागितलेली नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. पण कमलाकर म्हणतो, "आजी, आधी मिळकत." तर आधी मिळकत.

कलम १. दोन खोल्या, पडवी आणि तळ्याकडे तोंड केलेली मागची दगडी पायरी, असं हे घर माझे यजमान एझरा, पोस्टातले कारकून, यांनी बांधून माझ्या नावावर केलं. मला अक्षर शिकवा म्हटलं की ते म्हणत, "सण होऊन जाऊ दे." असे चाळीस वर्षांचे सण होऊन गेले, आणि मग तेही गेले. त्यांना मी माफ केलं आहे, पण नोंद असावी. हे घर माझा एकुलता एक मुलगा एलाद याला द्यावं. त्याची अट कलम सहामध्ये आहे.

कलम २. पोस्टाच्या पुस्तकात जे असेल त्यातून माझं दफन एझरांच्या शेजारी करावं. उरेल ते करंजाहून मासळी आणणाऱ्या गुणाबाईला, पाटा-वरवंट्यासकट. आम्ही खवल्यांचीच मासळी खातो, म्हणून बावीस वर्षं ती माझा वाटा वेगळा काढून ठेवते. पोटच्या पोराने इतकं लक्षात ठेवलेलं नाही.

कलम ३. शब्बाथचा दिवा आमच्या मशिदीत द्यावा. आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो.

कलम ४. फडताळावरच्या एकवीस बरण्या. एलादला त्या ठाऊक आहेत, इतरांसाठी सांगते. तो लहान असताना शनिवारी आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसत असू. शब्बाथला चूल नाही, काम नाही. हातांना सुट्टी, म्हणून डोळ्यांना तळ्यावरची पाखरं मोजायला जुंपायचं. पावसाळा सरताना दरफळणीचा उपासाचा सण झाला की परीट पक्षी यायचा, शेपटी हलवत, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखा इकडेतिकडे बघत. मागून चमच्यासारख्या चोचीचे थापटे आणि लांब शेपटीची तलवार बदकं. आकडा डोक्यात धरायचा आणि संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ सुटला, की तेवढे वाल बरणीत टाकायचे.

१९७० साली एलाद इस्राएलला गेला. दारात एक इस्राएल तळं होतं, ते त्याला पुरलं नाही. जाताना म्हणाला, "आई, पाखरं कळवत जा." तेव्हापासून दर हिवाळ्याला एक बरणी केली आणि होळी झाली की आकडा कळवला. आकडा पोचला की त्याचं पत्र येतं, वर्षातून एकदा. थापटे कमी का, परीट कोणत्या शनिवारी आला. माझे गुडघे कसे आहेत हे एकवीस वर्षांत दोनदा विचारलं. तक्रार नाही. थापट्यांचा मान मोठा.

१९८६ च्या हिवाळ्याची बरणी रिकामी आहे. सून ज्युडिथ एकटीच सहा आठवडे राहून गेली, तेव्हा एके दुपारी तिने मोड आणून वालाचं बिरडं केलं. मी दोनदा वाढून घेतलं, "हाताला चव आहे हो तुझ्या" म्हटलं, आणि मग फडताळाकडे बघितलं. एक अख्खा हिवाळा आम्ही दोघींनी भाताबरोबर खाल्ला. ती रिकामी बरणी ज्युडिथला द्यावी. बिरडं चांगलं झालं होतं, हेही लिही.

कलम ५. शेवटच्या दोन बरण्या खोट्या आहेत.

कमलाकर थांबला आहे. लिही रे. ते आकडे तुझ्याच हाताने गेले, पण तुला माहीत नव्हतं, तुझ्याकडे दोष नाही. मला काचबिंदू आहे. आधी कडेचं गेलं, मग मधलं. दोन हिवाळे मी पायरीवर बसून धुकं बघितलं. तळ्यावर जलपर्णी चढली आहे असं सगळे म्हणतात. तेव्हा पाखरं यायची थांबली, की मला दिसायची थांबली, हे मला ठाऊक नाही. गुणाबाईला विचारलं तर म्हणते, "हायत नं आजी, मस हायत." कुठे ग? "तितंच. तुमी आदी जेवा." ती मला जेवू घालायला बोलते.

मग मी आधीच्या वर्षाचे वाल चाचपून मोजले, खरं वाटावं म्हणून थोडे कमी केले आणि कळवले. कारण आकडा गेला नाही तर पत्र येणार नाही, आणि पत्र यायचं नसेल तर मी शनिवारी बसू कशासाठी? डॉक्टर म्हणतात, हे हृदय पुढचा पावसाळा बघेलसं वाटत नाही. यंदाची बाविसावी बरणी माझ्या मांडीवर आहे. तिच्यात मी काय घालू? ज्याला विचारावं तो माझं मन राखतो. मन राखून राखून तुम्ही सगळ्यांनी मला दुसऱ्यांदा आंधळी केलीत.

कलम ६. म्हणून अट. एलादने स्वतः यावं. विमानाचं भाडं, रजा, नातवंडांच्या परीक्षा, हे सगळं मी दर वेळी समजून घेतलं. आता मला समजत नाही. त्याने एक हिवाळा, दरफळणीपासून होळीपर्यंत, दर शनिवारी पायरीवर बसावं आणि तीन चांदण्यांनंतर वाल घालावे. एक दिसला तर एक. एकही दिसला नाही तर बरणी रिकामी ठेवावी, आणि माझ्या थडग्याशी येऊन खरं सांगावं. मग घर त्याचं, विको नाहीतर पाडो. मी जिवंत असताना आला तर अट रद्द. नुसता शेजारी बसला तरी पुरे, मी आकडा विचारणार नाही.

तो आलाच नाही तर घर कोणाला, हे कमलाकर तिसऱ्यांदा विचारतो. "आजी, कायद्याला तरतूद लागते." लागू दे. तो येणार नाही असं मी कागदावर चढवू देणार नाही.

कलम ७. या कागदाची नक्कल उद्याच रजिस्टर पोस्टाने एलादला पाठवावी. माझ्या मरणाची वाट बघू नये.

स्थळ: पनवेल. दिनांक: १५ डिसेंबर १९९१, रविवार.

मझल एझरा आपटेकर, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. डॉ. दीनानाथ केशव लिमये (सही)
२. चंद्रावती महादेव ठोंबरे, निवृत्त शिक्षिका (सही)

लेखनिकाची नोंद: वरील मजकूर मी मझलआजींना दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. तो बरोबर असल्याचं सांगून त्यांनी अंगठा केला. काल शनिवारी त्यांच्या सांगण्यावरून मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पायरीवर बसलो होतो. अंगठा करण्याआधी त्यांनी विचारलं, "कमलाकर, मन राखू नकोस. किती?" मी खरा आकडा सांगितला. त्यांनी मांडीवरच्या बरणीवर हात ठेवला. तो आकडा कलम सहाखाली लिहू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नको. आकडा मिळाला की तो पत्र पाठवतो. मला आता पत्र नको."

(सही) कमलाकर, लेखनिक