पाचघरीच्या पोटातली अक्षत

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं, नोव्हाय. आत्याच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून शर्टाच्या बाहीवरचं कुंकू जुन्या टूथब्रशने घासत होतो, ते अर्धवट टाकून लिहायला बसलो आहे.

तीर्थस्वरूप रवींद्रमामा,

तुमच्या अवधूतचा वाकून नमस्कार, आणि मामी जवळच बसून ऐकत असतील तर त्यांनाही. तुमचा गुडघा कसा आहे? वर्कशॉपमधला कॅप्स्टन लेथ पुन्हा आवाज करतो असं आई म्हणाली. त्याचं बेअरिंग तुम्ही बघा, गुडघ्याचं डॉक्टरांना बघू द्या. (मागच्या वेळी तुम्ही दोन्हीला एकच ग्रीस लावल्याचं ऐकलं.) आई-बाबा इथे खुशाल आहेत. आत्यानेच ग्रीन कार्डावर बोलावलं असल्यामुळे तिच्या तळघरात राहण्याचं कुणाला काही वाटत नाही, बाबांना सोडून.

मुख्य बातमी आधी लिहितो. तुमच्या भाच्याला टेबल मिळालं. कसलं टेबल ते सांगतो. मी ज्या दुकानात लागलो ते शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचं आहे. (इथे काम करायला मला कायद्याने चालतं का, हे मी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारून घेतलं आहे.) आतापर्यंत मी मागच्या खोलीत खोकी फोडत होतो. पुढे दुकानात एक भक्कम टेबल आहे, त्यावर घरच्या घरी काडतुसं भरायचे तीन प्रेस बोल्टने बसवलेले आहेत आणि गिऱ्हाइकांना ते चालवून दाखवायला एक माणूस असतो. तो माणूस ॲरिझोनाला, चँडलरला निघून गेला. नोव्हेंबरात इथे हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, म्हणजे दुकानाची दिवाळीच, आणि टेबल रिकामं. मालक वेंडेल साहेब मला म्हणाले की शनिवारचं प्रात्यक्षिक तू एकट्याने कर. नीट झालं तर टेबल तुझं, नाही तर खोकी आहेतच. मामा, डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडल्यापासून मला कुणी काही करून दाखवायला सांगितलेलं नव्हतं.

आता यंत्रं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. इथली माणसं गोळी झाडल्यावर रिकामी पितळी पुंगळी फेकत नाहीत. घरी नेऊन तिच्या बुडातली जुनी टिकली काढतात, तिला पुन्हा मापात आणतात आणि नवी टिकली, दारू व गोळी बसवतात. (प्रात्यक्षिकात दारू नसते, मामींना सांगा.) प्रेस तीन जातींचे, नावं मी ठेवली आहेत. एकघरी म्हणजे तुमच्या फ्लाय प्रेसचा धाकटा भाऊ. वर एक डाय (साचा, मामींसाठी), खाली एक पुंगळी, दांडा ओढला की एक काम. सगळ्या पुंगळ्यांचं पहिलं काम उरकायचं, डाय बदलायची, मग सगळ्यांचं दुसरं. फिरकीवाला म्हणजे तुमचा कॅप्स्टन. पुंगळी जागेवर राहते, डोक्यावरची डायांची चकती आपण हाताने फिरवायची. पाचघरीत सगळं उलटं: डाया जागेवर आणि खालची ताटली पुंगळ्यांना घेऊन फिरते, तीही आपोआप, दर ओढीला एक घर पुढे. पाच घरांत पाच कामं एकदम होतात, त्यामुळे प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर. किंमतही तशीच. पण एक गोष्ट माहितीपत्रकात लिहीत नाहीत. पाच कामांचा जोर एकाच दांड्यावर येतो, म्हणून कुठल्या घरात अडलं आहे ते हाताला कळत नाही. एकघरीत हाताला सगळं कळतं.

तुम्ही फोनवर बजावलं होतं की तिकडे गेलास म्हणून खंडेनवमी चुकवायची नाही. नाही चुकवली. वेंडेल साहेबांना विचारलं, ते म्हणाले आग सोडून काय हवं ते कर. म्हणून उदबत्ती लावली नाही (दुकानात दारू आहे, प्यायची नव्हे), नारळ पार्किंगमध्ये फोडला, आत्याच्या अंगणातला झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं आणि तिन्ही प्रेसवर अक्षता टाकल्या. आईने कागदाच्या पुडीत दिल्या होत्या, जरा जास्तच. मग सगळं पुसून ठेवलं. निदान मला तसं वाटलं.

शनिवारी टेबलासमोर बरीच गर्दी होती. सगळ्यांत पुढे हाताची घडी घालून अर्ल साहेब. हे गाड्यांच्या कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झाले आहेत आणि अख्खं दुकान त्यांना घाबरतं, कारण ते प्रश्न विचारतात आणि उत्तर संपेपर्यंत ऐकतात. आत्याची इला शनिवारी आमच्याकडे कॅश काउंटरवर असते, ती तिथून माझ्याकडे बघत नाही असं दाखवत होती. एकघरी झाला. फिरकीवाल्याच्या वेळी मी कॅप्स्टन लेथचं नाव घेतलं, तेव्हा अर्ल साहेबांची मान किंचित हलली. मग पाचघरी. थोड्या पुंगळ्या सुरळीत गेल्या आणि एकदम दांडा अर्ध्यावर अडला. भाकरीत खडा लागावा तसं. मी थांबलो. गर्दीच्या मागून वेंडेल साहेबांनी हाताने खूण केली, मी तरी थांबलेलाच. मग ते सगळ्यांसमोर म्हणाले, "लीन ऑन इट, बडी." म्हणजे लाव जोर.

मामा, टेबल त्यांचं, दुकान त्यांचं, परीक्षाही त्यांचीच. पण मी दांडा सोडला आणि म्हणालो, "नो सर. समबडी इज इन देअर." (समथिंग म्हणायचं होतं.) लोक हसले. मी ताटली उतरवली. खाली तांदळाचा एक दाणा, कुंकवाने लाल.

अर्ल साहेबांनी चष्मा चढवला आणि विचारलं, हा तांदूळ आहे का? नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, हो सर, माझाच आहे, आमच्याकडे वर्षातून एकदा मशीनला खाऊ घालतात. काउंटरवरून इलाचा आवाज आला, "ओ माय गॉड, दादा." अर्ल साहेबांनी दाणा चिमटीत धरून उजेडात फिरवला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मशीनने मला खाल्लं. उलटंही करता येतं हे कुणी सांगितलं नाही."

त्यानंतर मला थांबवणं कठीण झालं. तोच दाणा मी एकघरीत टाकला, तो सरळ खाली जमिनीवर पडला. फिरकीवाल्यात टाकला, तो अडकला पण वरून दिसत होता. पाचघरीत दिसतही नाही आणि पडतही नाही. जोर लावला असता तर काय झालं असतं, हे अर्ल साहेबांनी विचारलं. मी सांगितलं की ताटली फिरवणारी प्लॅस्टिकची कडी तुटली असती. ती मुद्दाम कच्ची ठेवतात, म्हणजे पोलाद वाकण्याआधी ती जाते.

संध्याकाळी दुकान बंद होताना अर्ल साहेब परत आले आणि शेल्फवरचा शेवटचा पाचघरी विकत घेतला. वेंडेल साहेबांना म्हणाले, "जो दांडा सोडतो, त्याच्याकडून मी मशीन घेतो." पुढच्या शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये तो मीच बसवून द्यायचा, तोवर खोकं आमच्याकडेच. वेंडेल साहेबांनी लगेच मला टेबलाचा बिल्ला दिला. माझ्या नावात एक 'ओ' कमी होता, तो मी दुरुस्त करून घेतला. उद्यमनगरात सगळ्यांना सांगा. शिक्षण अर्धवट सोडून पोरगा तुमच्या लेथपाशी उभा राहिला म्हणून ज्यांनी तुम्हाला बोल लावले, त्यांना दोनदा सांगा.

मामींना नमस्कार. गुडघ्यावर भार देऊ नका.

तुमचा,
अवधूत

ता. क. सोबतच्या कागदावर एका कडीचं चित्र मापांसह काढलं आहे. आतून पाच दाते. ती पितळेत करून गुरुवारपर्यंत कुरिअरने पोहोचेल असं बघा. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त शुक्रवार राहिला. शुक्रवारी मी एकटाच सराव करत होतो, तेव्हाही दांडा तसाच अडला आणि मी जोर लावला. कडी टक् करून गेली. आत एक अक्षत सापडली, मला वाटलं एवढीच असेल. (शनिवारी माझ्या हाताने जे ओळखलं, ते तो आदल्या दिवशी शिकलेला होता.) सुटी कडी दुकानात नव्हती. म्हणून शेल्फवरचं खोकं उघडून त्यातली काढली, टेबलावरच्या पाचघरीला लावली आणि खोकं पुन्हा चिकटवलं. सोमवारी कंपनीकडून मागवून, दोन आठवड्यांनी आली की खोक्यात गुपचूप बसवणार होतो. अर्ल साहेबांनी घेतलेलं खोकं तेच.

ता. क. २. पितळ नको. पितळेची कडी जोर लावला तरी तुटणार नाही आणि अर्ल साहेबांचं पोलाद वाकेल. नायलॉनची करा.

ता. क. ३. टपालाला फार दिवस लागतील म्हणून इलाला पानांचे फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सॲप करायला सांगितलं. तिला मराठी नीट वाचता येत नाही, म्हणून मला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. पहिला ता. क. संपल्यावर म्हणाली, "दादा, जस्ट टेल हिम. टुडे." म्हणजे वेंडेल साहेबांना, आजच. मी म्हणालो, मामांचं उत्तर येऊ दे. ती गाडी सुरू करून बसली आहे. वेंडेल साहेब आज दुकान उघडायला स्वतः येतात. बिल्ला खिशात घेतला आहे, परत मागितला तर शोधत बसायला नको. तुम्ही मात्र कडी करायला घ्या. शनिवारी अर्ल साहेबांचं मशीन चाललंच पाहिजे, टेबलामागे कुणीही उभं असो. नायलॉन पांढरा चालेल.