पूर्वेच्या घळीचा फोटो

१४ नोव्हेंबर, सकाळी ७
डोकं फिरलंय. हिमस्खलन केंद्राचं पत्रक आलं. "बर्फ कमी दिसला तरी वाऱ्याने पूर्वेच्या उतारांवर आणून रचलेल्या बर्फाच्या लाद्या सुटू शकतात. तिकडे जाणं टाळा." सही मॅरेन हाउगलँड, वय एकोणतीस! मोंटानाच्या या डोंगरांत मी एकतीस वर्षं स्की करतोय. ही मला पूर्व दाखवणार!
सभ्य ईमेल लिहिला, शनिवारी स्कीला जाणार हेही कळवलं. उद्गारचिन्हं फक्त नऊ.

१५ नोव्हेंबर
तिचं उत्तर. "ऑर्विल, तुमचा अनुभव मोठा आहे, पण शनिवारी निघण्याआधी मला फोन करा." माझ्या अनुभवाला 'पण' लावते!
निश्चय: शनिवारी पूर्वेच्याच घळीतून उतरायचं आणि तिला फोटो पाठवायचा. मेहुणा व्हर्जिल आधी नाही म्हणाला. भित्रा म्हटल्यावर हो म्हणाला. समजूतदार माणूस.

१६ नोव्हेंबर
बायको म्हणते, "ती शिकलेली आहे, ऐकलंस तर काय बिघडेल?" निषेध म्हणून जेवताना बोललो नाही. स्ट्यू दोनदा घेतला, पण रागाने.
दिवसभर पश्चिमेचा सोसाट्याचा वारा. उत्तम. जादा बर्फ उडून जाईल. कुठे जाईल, असले प्रश्न मॅरेनसारखे लोक विचारतात.

१७ नोव्हेंबर, सकाळी १०.२०, कड्यावर
शास्त्रशुद्ध तपासणी केली. बर्फाचे थर पाहायला पश्चिमेला खड्डा खणला, पूर्वेला फार उतार आहे म्हणून. वीतभर बर्फ, खाली गवत. धोका शून्य.
व्हर्जिल म्हणाला, "अरे, खणलंस इकडे आणि उतरणार तिकडे?" डोंगर एकच आहे, म्हटलं. मग त्याच्या स्कीखाली ढोलासारखा आवाज आला नि बर्फात लांबलचक फट पळाली. "ऑर्विल, परत फिरू या." तीनदा म्हणाला. नुसती कटकट! फोटोसाठी त्यालाच पुढे पाठवतोय.

संध्याकाळ, हॉस्पिटल
पहिल्याच वळणावर अख्खा उतार काचेसारखा तडकला आणि व्हर्जिलला घेऊन गेला. गाडलेल्या माणसाचा सिग्नल पकडणारं शोधयंत्र माझ्या हातातून दोनदा पडलं. अकरा मिनिटं खणत होतो. आधी हातमोजा दिसला, मग निळा पडलेला चेहरा. तोंडातला बर्फ बोटांनी काढला, तेव्हा तो खोकला. त्याचा पाय दगडांवर आपटून दोन ठिकाणी मोडलाय.
पत्रकात लादी म्हटलं होतं. एवढी मोठी, असं कुठे लिहिलं होतं?

१९ नोव्हेंबर
व्हर्जिलला भेटलो. वाऱ्याने कसा दगा दिला, ते गाडीत घोकून ठेवलं होतं. तो म्हणाला, "मला दिसत होतं रे सगळं. पण तू पुन्हा भित्रा म्हणाला असतास." मग पाणी मागितलं. पेला मी धरला. घोकलेलं तसंच राहिलं.

२० नोव्हेंबर
मॅरेनचा फोन. भांडायच्या तयारीत होतो. ती चिडलीच नाही. व्हर्जिल कसा आहे, हे आधी विचारलं. मग अपघाताची नोंद घेऊ लागली. वारा कुठला, खड्डा कुठे, पुढे कोण. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली.
"उतरायचं कोणी ठरवलं?"
'दोघांनी' म्हणायला तोंड उघडलं.
"मी," म्हटलं.